एका वाडग्याचा ताळेबंद

सूप ही वस्तू मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त ती पाखडायला आहे, प्यायला नाही. आमच्या आजीकडे कुणी ‘एक सूप द्या’ म्हणून मागणी केली असती, तर तिने ते माळ्यावरून काढून, झटकून, वर ‘संध्याकाळपर्यंत परत आण हो’ अशी ताकीद देऊन हातात ठेवलं असतं. पिण्याच्या बाबतीत आपल्याकडे सार आहे, कढण आहे, कळण आहे, आमटी, कट आणि रस्सा आहे. पातळ पदार्थांची इतकी खाती आपल्या खतावणीत असताना नवं खातं उघडायची गरजच काय, असं माझं बरीच वर्षं प्रामाणिक मत होतं.

ते खातं उघडलं आमच्या शाखेच्या हेडकॅशिअरांनी. २०२२ पासून मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं जाऊ लागली आणि घाटकोपरकरांना आपण इतके दिवस व्हिएतनामशिवाय कसे जगलो असा प्रश्न पडला. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या एका सहलीत आमचे हेडकॅशिअरही गेले. विमानात जेवढी माणसं होती तेवढीच थेपल्यांची पुडकी होती. पाचव्या दिवशी हनोईत थेपले संपले आणि हा गृहस्थ नाइलाजाने फूटपाथवरच्या एका बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून एक वाडगा सूप प्यायला. नोटा मोजताना ह्या माणसाचा हात कधी थांबलेला मी पाहिलेला नाही. त्या सूपाबद्दल सांगताना मात्र थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

ह्या सूपाचं नाव ‘फो’. आपण लिहितो फो, पण म्हणताना ‘फ’ म्हणून शेवटी शंका विचारल्यासारखा सूर वर न्यायचा असतो: ‘फऽ?’ त्यामुळे आपण पदार्थ मागवतोय की अडचण सांगतोय, हे वेटरला कळत नाही. वाडग्यात तांदळाच्या चपट्या शेवया, त्यावर मांसाचे पातळ काप, त्यावर तासन्‌तास उकळलेल्या हाडांचा नितळ, कढत रस्सा. वासाला दालचिनी आणि चक्रीफूल, म्हणजे आपल्याच मसाल्याच्या डब्यातली मंडळी. वरून पातीचा कांदा, हिरवा पाला, लिंबू आणि मिरची. ‘म्हणजे रश्श्यात शेवया,’ आमची ही म्हणाली. बायका कुठल्याही आंतरराष्ट्रीय विषयाची फोड दोन शब्दांत करू शकतात.

हेडकॅशिअरांचा तो थांबलेला हात पाहिल्यावर मी ठरवलं, की मुलुंड ते बोरिवली ह्या टापूत चांगला फो कुठे मिळतो ते शोधायचंच.

सुरुवात घाटकोपरपासून केली. तिथे मला ‘जैन फो’ मिळाला. कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, जमिनीखालचं काहीच नाही. हाडांचा तर प्रश्नच नाही. बँकेतून ठेवी, कर्जं आणि कर्मचारी वजा केले तर जी इमारत उरेल, तसा तो फो होता. इमारत स्वच्छ होती, एवढं मान्य केलं पाहिजे.

घाटकोपरहून अंधेरीला २०१४ पासून मेट्रो आहे. तीत बसलो आणि अंधेरीत एका मंद प्रकाशाच्या हॉटेलात शिरलो. मेनूकार्ड आमच्या वार्षिक अहवालाएवढं जाड होतं आणि अहवालासारखंच अंधारात वाचायचं होतं. जपान, कोरिया, थायलंड असे देश ओलांडत सतराव्या पानावर व्हिएतनाम आला. वाडगा केवढा होता म्हणाल, तर हात बुडाले असते. रस्सा केवढा होता म्हणाल, तर बोटं भिजली नसती. बिलात सेवा आकार लावला होता. सेवा कुठे होती ते पाहायला उजेड नव्हता.

बोरिवलीला स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर चौकशी केली. ‘मिळेल ना काका, दहा मिनटं द्या,’ पोरगा म्हणाला, आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत मंचाव सूपात नूडल्स सोडल्या. ‘अरे, व्हिएतनाम कुठे आहे माहीत आहे का?’ मी विचारलं. ‘चायनाच्या खाली,’ तो कढई न थांबवता म्हणाला. भूगोलात पोरगा पास होता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एखादी रक्कम जुळत नसली की चालू पान सोडून मागची पानं उलटायची, एवढीच विद्या मला येते. तेव्हा मी फोचं जुनं खातं उघडलं.

हे खातं तसं फार जुनं नाही. फोचा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, उत्तर व्हिएतनाममधला. हनोई आणि तिच्या दक्षिणेचा नाम दिन्ह हा भाग त्याचं माहेर मानतात. तिथले शेतकरी आपल्यासारखेच. बैलरेडे नांगराला, पोटात घालायला नव्हेत. फ्रेंच राज्यकर्ते आले, त्यांना गोमांस लागे, आणि कसायाकडे हाडांचे ढीग उरू लागले. साहेबाच्या ताटातून उरलेल्या हाडांना गरिबाने तांदळाच्या शेवया जोडल्या. फो हा शब्द फ्रेंचांच्या एका रश्श्याच्या नावावरून आला की शेवयांच्या चिनी नावावरून, ह्यावर विद्वानांचा वाद चालू आहे. वाद घालताना ते फोच खात असणार.

विकणारे खांद्यावर कावड घेऊन हिंडत. एका बाजूला चूल आणि हंडा, दुसऱ्या बाजूला वाडगे आणि शेवया. आणि गिऱ्हाईक कोण? तर नाम दिन्हला फ्रेंचांची भलीमोठी सूतगिरणी होती. तिथल्या कामगारांना पाळीच्या आधी किंवा नंतर चार पैशांत पोट गरम करणारं काहीतरी हवं होतं. हे वाचलं आणि मी ताठ बसलो. कारण आपल्या मुंबईतही १८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी चालू झाली, आणि तेव्हापासून पाळीवरून सुटलेल्या माणसाला चार पैशांत काय खाऊ घालायचं, ह्या एकाच प्रश्नाभोवती ह्या शहराची अर्धी खाद्यसंस्कृती शिजली आहे.

१९३९ च्या सुमाराला नांगराची जनावरं वाचवण्यासाठी हनोईत सोमवारी आणि शुक्रवारी गोमांसाची विक्री बंद असे, असं सांगतात. सोमवार पाळायची वेळ आल्यावर विक्रेत्यांनी कोंबडीचा फो काढला. उपासातून नवा पदार्थ निर्माण करणारे आपण एकटेच नाही, हे कळून बरं वाटलं.

मग १९५४ साल आलं. जिनिव्हा करार झाला आणि देशाचे दोन तुकडे पडले. उत्तरेतून आठ ते दहा लाख माणसं दक्षिणेत गेली, आणि जाताना त्यांनी हा वाडगाही नेला. दक्षिणेत त्याच्यात मोड आलेलं धान्य पडलं, ताटभर हिरवा पाला आला, गोडसर चटणी आली. उत्तरेत मागे राहिलेल्या फोची दशा निराळी झाली. युद्धाची वर्षं, सरकारी दुकानं आणि मांसाचा दुष्काळ. तेव्हा हनोईवर अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं घिरट्या घालत. लोकांनी मांसाशिवायच्या सरकारी फोला नाव ठेवलं: ‘बिनवैमानिकाचा फो’. डोक्यावर विमान आणि वाडग्यात पाणी असताना ज्यांना असा विनोद सुचतो, त्यांना हरवणं कठीणच.

व्हिएतनामचं नाव निघालं, की आमच्याकडे डब्याच्या सुट्टीत कुणीतरी सांगतंच, की त्यांनी अमेरिकेला हरवलं ते आपल्या शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून. मी कारकुनी सवयीने ‘व्हाउचर?’ एवढंच विचारतो आणि मंडळी माझ्याकडची लोणच्याची बाटली काढून घेतात. महाराजांच्या थोरवीला असल्या शिफारसपत्राची गरज नाही; आणि ज्यांनी तेराव्या शतकात मंगोलांना तीनदा परत पाठवलं, त्यांना तरी कुठे होती?

माझ्याकडे व्हाउचर आहे ते एका हॉटेलाचं. सायगावात ‘फो बिन्ह’ नावाचं फोचं दुकान होतं. बिन्ह म्हणजे शांती. म्हणजे आपल्याकडचं ‘शांती भुवन’च म्हणा. खालच्या मजल्यावर अमेरिकन सैनिक मिटक्या मारत फो खात आणि वरच्या मजल्यावर १९६८ च्या तेत सणातल्या सायगाववरच्या हल्ल्याचा बेत शिजत होता. खाली आणि वर दोन्हीकडे शिजवणारा मालक एकच, न्गो तोआय. हल्ल्यानंतर त्याला पकडून नेलं. ‘शांती भुवना’च्या माडीवर काय चाललंय ह्याची चौकशी गिऱ्हाइकाने करू नये, ही आपल्याकडचीही रीत आहेच.

३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. त्या वर्षात सुमारे एक लाख तीस हजार व्हिएतनामी माणसं अमेरिकेत पोचली. पुढच्या वीस वर्षांत आणखी लाखो माणसं मिळेल त्या होडीतून समुद्रात उतरली. सुमारे आठ लाख कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला लागली, कितीतरी वाटेतच बुडाली. आज कॅलिफोर्नियात, पॅरिसात, सिडनीत उत्तम फो मिळतो तो ह्या माणसांमुळे. हंडा बरोबर नेता आला नव्हता. चव मात्र जिभेवर होती, तिला पासपोर्ट लागला नाही.

इथे माझी रक्कम जुळायला लागली. अमेरिकेत फो आहे कारण तिथे फोची आठवण येणारी माणसं आहेत. मुलुंडला ती नाहीत.

तसा आपलाही व्हिएतनामशी सरकारी संबंध चांगला जवळचा. १९५४ च्या कराराची अंमलबजावणी पाहायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्यात भारत, कॅनडा आणि पोलंड हे तीन देश होते आणि अध्यक्षपद आपल्याकडे होतं. आपले अधिकारी, जवान, कारकून वर्षानुवर्षं हनोईत आणि सायगावात राहून आले. येताना त्यांनी अहवाल आणले. कृती आणली नाही. कारकून परदेशातून काय आणेल ह्याचा अंदाज मला आहे. मी त्यांना दोष देत नाही.

कृती आली ती पाँडिचेरीला. पाँडिचेरी फ्रेंचांची, व्हिएतनामही फ्रेंचांचं. त्यामुळे पाँडिचेरीची तमिळ माणसं सायगावात नोकरीला जात: कुणी शिपाईगिरी करी, कुणी पोलिसात, कुणी करवसुलीत, आणि बरीचशी माझ्या ज्ञातीची, म्हणजे कारकून. त्यांच्यातल्या काहींनी तिथे लग्नं केली. पुढे फ्रेंचांचं बस्तान उठलं, युद्ध पेटलं, आणि ही मंडळी बायकामुलांसह पाँडिचेरीला परतली. त्या व्हिएतनामी सुना समुद्रकाठच्या तमिळ गल्ल्यांत संसार करू लागल्या, आणि आठवण अनावर झाली की रांधू लागल्या. व्हिएतनामी पद्धतीचे तळलेले ‘नेम’ म्हणजे सारण भरलेल्या सुरळ्या तिथे घरगुती समारंभात येऊन बसल्या, त्या कायमच्या. ज्या गावात सून आली, त्या गावात चव आली. आयोगाने जे वीस वर्षांत केलं नाही, ते सासुरवाशिणींनी केलं.

आता आपलं शहर घ्या. माटुंग्याला रामा नायक ह्यांनी १९४२ साली उडुपी पद्धतीचं भोजनालय काढलं, तेव्हा आसपास दक्षिणेतून नोकरीला आलेली आणि आईच्या हातच्या साराची आठवण येणारी माणसं राहत होती. ठाण्याच्या मामलेदार कचेरीजवळची मिसळ सुरू करणारे मुर्डेश्वर. आडनावच कर्नाटकचा किनारा सांगतं. मुलुंडचा जुना जकात नाका ओलांडून त्या मिसळीसाठी आम्ही कितीदा गेलो असू! तिथे मेनूकार्ड सतरा पानांचं नाही. तिखट किती, एवढाच प्रश्न. हनोईच्या त्या फूटपाथवरही असंच असतं, असं हेडकॅशिअर सांगतात.

चिनी माणसं मुंबईत होती. माझगावला त्यांचं १९१९ सालचं देऊळ आजही आहे. पण ती मूठभर. १९६२ च्या युद्धात भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी रहिवाशांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं, आणि देशभरच्या चिनी वस्त्या ओसरत गेल्या. पदार्थ उरला, आठवण काढणारे पांगले. मग १९७५ साली नेल्सन वाँग ह्या कलकत्त्याहून आलेल्या चिनी आचाऱ्याने मुंबईच्या क्रिकेट क्लबात ‘चिकन मंचुरियन’ करून दाखवलं. ते चीनची आठवण येणाऱ्यांसाठी नव्हतं, आपल्यासाठी होतं. बोरिवलीच्या गाडीवरचा तो पोरगा त्याच परंपरेतला. त्याचं काही चुकत नव्हतं. ज्याला मूळ चव आठवत नाही, त्याला खोटी ठरवणार कोण?

पुन्हा १९७५. कुठल्याही कारकुनाला एका वर्षात दोन नोंदी दिसल्या की तिसरी शोधाविशी वाटते. ती सापडली गिरणगावात. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, आणि त्यांना दोन वेळा जेवू घालीत खानावळवाल्या बाया. महिन्याचे पैसे महिन्याला, धान्य मात्र उधारीवर आणि उधारी सावकाराच्या व्याजावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव ह्यांनी ह्या बायांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना उभी केली आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्याने काय साधलं, असा प्रश्न कुणी विचारला की मी हे उत्तर देतो. तारण म्हणून काय होतं ह्या बायांकडे? गावाची चव आठवणारी पाचपन्नास भुकेली माणसं. पक्कं तारण.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या मजल्यावरच्या मालवणी काकूंच्या आईची लालबागला खानावळ होती. संपात जेवणारे गावी गेले. जाताना बाकी ठेवून गेले. काही वर्षांनी खानावळीची पातेली टेंपोत घालून हे कुटुंब भांडुपला आलं, आणि काकू लग्न होऊन मुलुंडला. ती बाकी अजून येणं आहे. काकूंनी वही जपून ठेवली आहे. मी एकदा पाहिली. नावं, गावं, आणि रकमेपुढे कोरा रकाना. ‘ही बुडीत खात्यात टाका,’ असा व्यावसायिक सल्ला मी दिला. ‘असूं दे,’ त्या म्हणाल्या. ‘जेवन आवडलां म्हणूनच उधार झालां मां?’

ह्याच काकू वर्षातून एकदोनदा शिरवाळे करतात. उकडलेल्या तांदळाच्या पिठाचे गोळे लाकडी साच्यातून दाबून काढलेल्या शेवया, आणि त्यावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा दाट रस. वाडगा आमच्या घरी येतो. आमची ही माझ्याकडे पाहते, बोलत काही नाही. तांदळाच्या शेवया आणि वर रस. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली पालथं घालून जे मला मिळालं नव्हतं, त्याचं गोडाचं भावंड समोरच्या दारातून झाकण घालून येत होतं. आणि दर वेळी काकू एक वाक्य न चुकता म्हणतात: ‘ह्यो नारळ गावचो नाय हां.’ रस उत्तम असतो. पण हे वाक्य त्या कृतीचा भाग आहे. ते ज्याला म्हणावंसं वाटतं, त्याच्याच हातचं खायचं, एवढं मला ह्या सगळ्या हिशेबातून कळलं. अंधेरीच्या त्या मंद उजेडातल्या आचाऱ्याने ‘हा पाला हनोईचा नाही हं’ असं हळहळून म्हटलं असतं, तर मी सेवा आकार आनंदाने दिला असता.

तेव्हा मुलुंडला चांगला फो का मिळत नाही, ह्याचं उत्तर असं, की त्याची किंमत आपण भरलेली नाही. कॅलिफोर्नियातल्या वाडग्यामागे एक पडलेलं शहर आहे, लालबागच्या ताटामागे रिकामी झालेली गावं आहेत. असली किंमत देऊन आपल्या गल्लीत फो यावा, असं कोण म्हणेल?

पण आता थेट विमान आहे. पाँडिचेरीचा मार्ग अजून मोकळा आहे. आमच्या इमारतीत लग्नाचे तीन मुलगे आहेत. पैकी एक कंपनीच्या कामाला वरचेवर सायगावला जातो आणि हल्ली घरी कमी बोलतो. त्याच्या आईला काळजी वाटते. मला आशा वाटते. एखादी हनोईची नाहीतर सायगावची पोर, पळून नव्हे, रीतसर वाजतगाजत मुलुंडला नांदायला यावी. पहिले सहा महिने तिने वरणभात गोड मानून घ्यावा. सातव्या महिन्यात, भर पावसात, तिला घरची आठवण यावी आणि तिने समोरच्या काकूंकडे शेवयांचा साचा मागायला जावं. पुढचं त्या दोघी बघून घेतील. भाषेची अडचण येणार नाही. नारळ कुणाच्याच गावचा नसेल.

हेडकॅशिअरांना मी सांगून ठेवलंय, की भूक राखून असा. तोवर आमच्याकडे सूप आहे, पण ते माळ्यावर.